जुन्या मोटारीपासून पवनचक्कीचा जनरेटर: मोटार भरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंगारातली तीन फेजची मोटार घ्यायची, रोटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, मॅग्नेट बसवायचे, पुढे पाती लावायची आणि बॅटरी चार्ज करायची. हाताशी चांगला वाइंडर (मोटार भरणारा कारागीर) आणि चांगला लेथवाला असेल तर हे काम नक्की जमतं. पण बहुतेक जण मोटार आधी भरायला, म्हणजे जुनी वायंडिंग (तारेची गुंडाळी) काढून नवी घालायला, टाकतात आणि किती व्होल्ट येतात ते नंतर बघतात. त्यात तांबं आणि मजुरी दोन्ही वाया जातं. खालच्या उत्तरांत २ मीटर व्यासाची, तीन पात्यांची चक्की धरली आहे. तुमची चक्की लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

मोटार हाताने फिरवली तर वीज का येत नाही?

पंपाची, गिरणीची किंवा कडबाकुट्टीची नेहमीची मोटार इंडक्शन प्रकारची असते. तिच्या रोटरमध्ये मॅग्नेट नसतो. पत्र्यांच्या चकत्या असतात आणि त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या दांड्या ओतलेल्या असतात, एवढंच. लाइन जोडल्यावर स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या स्थिर, वायंडिंगच्या भागात, चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तेव्हाच रोटर जागा होतो. लाइन नसेल तर क्षेत्र नाही आणि क्षेत्र नसेल तर वीज नाही. रोटरमध्ये उरलेलं किंचित चुंबकत्व मीटरचा काटा जरासा हलवेल, पण त्यावर काही चालणार नाही.

मग कपॅसिटर लावून भागेल का? मॅग्नेटचा खर्च वाचेल.

कपॅसिटर लावून इंडक्शन मोटारीतून वीज नक्की निघते, पण त्यासाठी ती मोटारीच्या पाटीवरच्या वेगापेक्षा जरा जास्तच फिरवावी लागते. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार १५०० च्या वर न्यावी लागते. २ मीटरची चक्की ताशी २०-२२ किलोमीटरच्या वाऱ्यात, म्हणजे सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात, मिनिटाला साधारण ३४० फेरे मारते. म्हणजे मध्ये पट्टा किंवा गिअर आला, आणि मंद वाऱ्यात हाताशी असते तेवढी थोडीशी ताकद त्यातच खर्च होणार. ओढ्यावरच्या, पाण्याचा दाब कायम असलेल्या छोट्या टर्बाइनला ही पद्धत छान आहे. वाऱ्यासाठी मात्र मॅग्नेटच लावा.

कुठली मोटार घ्यावी?

पाटीवर दोन गोष्टी बघा: एचपी आणि फेरे. वायंडिंगमुळे तयार होणारे चुंबकाचे ध्रुव म्हणजे पोल: ५० हर्ट्झवर २ पोलची मोटार २८८० च्या आसपास फिरते, ४ पोलची १४४० आणि ६ पोलची ९६०. आपल्याला कमी फेऱ्यांत काम करायचं आहे, म्हणून ९६० मिळाली तर उत्तम, १४४० चालेल. २८८० ची मोटार फुकट मिळाली तरी घेऊ नका.

एचपीचा खरा अर्थ इथे टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, समजून घ्यावा लागतो. १ एचपी, १४४० ची मोटार साधारण ५ न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बांधलेली असते. तेवढाच टॉर्क ३०० फेऱ्यांवर मिळाला तर हिशेब १५५ वॅटच्या आसपास जातो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट ही अपेक्षा इथेच कोसळते. ३ एचपी, ९६० ची मोटार मात्र जवळपास २२ न्यूटन-मीटरची असते आणि ३०० फेऱ्यांवर तिची ऐपत ६५०-७०० वॅटपर्यंत जाते. म्हणून मोटार उचलून बघा. जड मोटार म्हणजे जास्त लोखंड आणि जास्त तांबं, आणि मंद वेगात तेच कामाला येतं.

२ मीटरच्या चक्कीला माझी पसंती २ एचपीला आहे. त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे शाफ्ट. ४ पोलमध्ये १ एचपीच्या मोटारीचा शाफ्ट १९ मिलिमीटरचा येतो, २ एचपीचा २४ चा, ३ एचपीचा २८ चा. पात्यांचं सगळं वजन, आणि चक्की वाऱ्याबरोबर वळताना बसणारे हिसके, या शाफ्टनेच सोसायचे असतात. १९ मिलिमीटरच्या शाफ्टवर २ मीटरची पाती मला धोक्याची वाटतात.

बोअरची सबमर्सिबल मोटार पडून आहे. ती चालेल?

नाही. ती २ पोलची, लांब आणि सडपातळ असते, पाण्यात राहायला बनवलेली असते आणि तिच्या तारेवर प्लास्टिकचं जाड आवरण असतं. खाचेतली निम्मी जागा त्या आवरणातच जाते.

सिंगल फेज मोटार?

तिचा स्टेटर चालतो, वायंडिंग नाही. २४ किंवा ३६ खाचांचा स्टेटर असेल तर रनिंग-स्टार्टिंगची जुनी वायंडिंग काढून तो तीन फेजमध्ये भरता येतो. इथे मात्र मोटार भरावीच लागते. तीन फेज घ्यायचं कारण असं की वीज सलग येते, थरथर कमी होते आणि त्याच तांब्यातून जास्त काम होतं.

रोटरवर मॅग्नेट कसे बसवायचे?

या कामावर सगळं अवलंबून आहे, घाई करू नका.

जुना रोटर लेथवर उतरवायचा आणि शाफ्टवर माइल्ड स्टीलची नळी दाबून बसवायची, म्हणजे मॅग्नेटच्या मागे भरीव लोखंड मिळतं. नुसता जुना रोटर छिलून मॅग्नेट चिकटवले तर आतल्या ॲल्युमिनियममुळे लोखंड अपुरं पडतं आणि क्षेत्र कमजोर होतं. मॅग्नेट निओडिमियमचे घ्या. वायंडिंगचे पोल जितके, तितकेच रोटरवर पोल हवेत: ४ पोलच्या वायंडिंगला चार पट्टे, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण. एका पट्ट्यात कितीही तुकडे असले तरी त्या पट्ट्यातल्या सगळ्यांची तोंडं एकसारखी पाहिजेत. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी कंपास धरून तपासा आणि मार्करने खूण करा.

मॅग्नेटचा वरचा भाग आणि स्टेटर यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. चिकटवायला इपॉक्सी वापरा, आणि वरून फायबरग्लासची पट्टी राळेत भिजवून घट्ट गुंडाळा. त्या पट्टीची जाडी फटीच्या हिशेबात आधीच धरा. साध्या 'एन' ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांपर्यंतच टिकतात, त्यापुढे चुंबकत्व कायमचं गमावतात. 'एच' ग्रेड १२० पर्यंत सोसतो. थोडे पैसे जास्त गेले तरी 'एच' घ्या.

रोटर स्टेटरमध्ये घालताना तो एकदम खेचला जातो, बोट सापडलं तर चेंदामेंदा होतो. लाकडी फळ्यांच्या आधाराने, लांब बोल्ट फिरवत हळूहळू आत न्या. लेथच्या भुग्यापासून रोटर लांब ठेवा. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला या कामाजवळ येऊ देऊ नका.

फिरवताना रोटर अडकत-अडकत फिरतो. काय चुकलं?

मॅग्नेटची कड स्टेटरच्या दातासमोर आली की ती तिथे धरून बसते. पट्टे सरळ लावले असतील तर हा त्रास होणारच. पट्टा तिरपा लावा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर एका खाचेएवढा सरकलेला. ३६ खाचांच्या स्टेटरला तो १० अंश तिरपा येतो, २४ खाचांच्या स्टेटरला १५ अंश.

हे तपासायला उपकरण लागत नाही. शाफ्टला ३० सेंटीमीटरची पट्टी आडवी बांधा आणि टोकाला १०० ग्रॅमचं वजन लटकवा. हा साधारण ०.३ न्यूटन-मीटर टॉर्क झाला. कुठल्याही कोनात एवढ्याने रोटर सुटत असेल तर सेकंदाला ३-४ मीटरच्या वाऱ्यात चक्की सुरू होईल. २५० ग्रॅम लागत असतील तर पावसाळा सोडून ती उभीच राहील.

मोटार भरणं खरंच गरजेचं आहे का?

पुष्कळदा नसतं, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

मोटार भरल्याने वीज वाढत नाही. मॅग्नेटची ताकद, फेरे आणि खाचेत बसलेलं तांबं, यांवर ताकद ठरते. टर्न (कॉइलमधले तारेचे वेढे) बदलले की व्होल्ट आणि अँपिअरची वाटणी बदलते, बस. टर्न निम्मे करून तार दुप्पट आडव्या छेदाची घेतली तर व्होल्ट निम्मे होतात, अँपिअर दुप्पट होतात, आणि तारेत जळणारे वॅट तेवढेच राहतात.

म्हणून जुनी वायंडिंग धड असेल तर आधी मॅग्नेटचा रोटर घाला, लेथच्या चकमध्ये धरून २०० फेऱ्यांवर फिरवा आणि दोन-दोन वायरींमधले एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा. ४१५ व्होल्ट, १४४० ची मोटार कागदावर २०० फेऱ्यांना ५५ व्होल्ट देते. मॅग्नेटचं क्षेत्र कमी पडल्याने समजा प्रत्यक्षात ४१ आले. तीन फेजच्या ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा डायोडचा संच) डीसी व्होल्ट म्हणजे एसीच्या १.३५ पट, वजा डायोडचे दीड-एक व्होल्ट. म्हणजे जवळपास ५४. ४८ व्होल्टच्या बॅटरीला हे हवं तसंच आहे, तारेला हातही लावायला नको.

२४ व्होल्ट हवे असतील तर प्रत्येक फेजमधले कॉइलचे गट सिरीजमधून सोडवून दोन-दोन पॅरलल करा. ५४ चे २६ होतील. चार सारखे गट असतील आणि चारही पॅरलल केले तर १२ व्होल्टपर्यंत येता येतं. हे वाइंडरचं तासाभराचं काम आहे: डोक्याकडचा दोरा कापायचा, सांधे उघडायचे, नवे डाग द्यायचे, स्लीव्ह चढवायची. फक्त पॅरलल करताना गट एकसारखे असल्याची आणि रोटर नेमका मध्यावर असल्याची खात्री करा, नाहीतर गटागटांत आपसातच करंट फिरतो आणि मोटार रिकामीच गरम होते. नेहमीच्या स्टारऐवजी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) डेल्टा जोडणी (तिन्ही फेज त्रिकोणात टोकाला टोक) केली तरी व्होल्ट १.७३ पटीने उतरतात, पण मॅग्नेटच्या रोटरवर डेल्टात तसाच फिरता करंट होतो. मी ती शेवटचा पर्याय म्हणूनच सांगतो.

मग भरायची कधी?

वायंडिंग जळालेली असेल तेव्हा, आणि भंगारात आलेल्या मोटारींत बहुधा तीच जळालेली असते. सिंगल फेजचा स्टेटर असेल तेव्हा. किंवा गट कसेही जोडले तरी हवे ते व्होल्ट जुळत नसतील तेव्हा.

जळालेल्या मोटारीत मोजणार काय? टर्न किती धरायचे?

चाचणी कॉइल घाला. स्टेटर साफ करून, ज्या खाचांच्या जोडीत खरी कॉइल बसणार आहे तिथे बारीक तारेचे १० टर्न घाला. मॅग्नेटचा रोटर आत ठेवून २०० फेऱ्यांवर फिरवा आणि व्होल्ट मोजा. समजा ०.८ व्होल्ट आले, म्हणजे टर्नमागे ०.०८.

आता उलटा हिशेब. २४ व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंग सुरू व्हायला दोन वायरींमध्ये साधारण २० व्होल्ट एसी हवेत. स्टारमध्ये एका फेजला २० भागिले १.७३, म्हणजे ११.५. २४ खाचा, ४ पोल, एका थराची वायंडिंग (एका खाचेत एकाच कॉइलची बाजू) असेल तर फेजमागे ४ कॉइल, म्हणजे कॉइलमागे २.९ व्होल्ट. त्याला ०.०८ ने भागलं की ३६ टर्न. कॉइल शेजारशेजारच्या खाचांत पसरलेल्या असल्याने थोडं नुकसान होतं, म्हणून ३७ धरा. तार जाडात जाड, खाच भरेल एवढी.

२०० फेरे का, तर चार्जिंग फार लवकर सुरू झालं तर बॅटरी पात्यांना धरून ठेवते आणि वारा वाढला तरी ती वेग घेत नाहीत. फार उशिरा सुरू झालं तर हलका वारा फुकट जातो. २ मीटरच्या, वेगाने फिरणाऱ्या तीन पात्यांना २०० च्या आसपासचा आकडा मानवतो.

वाइंडरकडे काय बोलायचं?

त्याला 'पवनचक्कीसाठी भरून दे' एवढंच सांगू नका. त्याचा हात ४१५ व्होल्टच्या डाट्यावर (टर्न आणि तारेच्या ठरलेल्या आकड्यांवर) बसलेला असतो आणि तो तसाच भरून देईल. कागदावर लिहून न्या: खाचा, पोल, कॉइलचा पिच (तिच्या दोन बाजूंमधलं खाचांचं अंतर), टर्न, तारेचं गेज, स्टार. सहाही टोकं बाहेर काढायला सांगा, म्हणजे पुढे जोडणी बदलायची वाट मोकळी राहते.

जाड तार खाचेच्या अरुंद तोंडातून जात नाही, म्हणून बारीक तारा एकत्र घेऊन भरायला सांगा. २६ गेजच्या चार तारा मिळून २० गेजच्या एका तारेइतकं तांबं होतं, आणि हाताने सरकवायलाही त्या सोप्या जातात. खाचेत कागद नीट बसलाय ना, तोंडावर बांबूची किंवा फायबरची पट्टी ठोकलीय ना, हे वॉर्निशच्या आधी बघून घ्या. वॉर्निश दुकानात नुसतं वरून ओततात तसं नको: स्टेटर कोमट करून ते पूर्ण झिरपू द्यावं, निथळू द्यावं आणि दिव्यांच्या उष्णतेत चांगलं वाळू द्यावं. ही मोटार पावसात उंच खांबावर राहणार आहे. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) बॉडीशी तपासणी करा. १ मेगओमच्या खाली असेल तर घेऊ नका. नीट वाळलेली नवी वायंडिंग त्याच्या कितीतरी वर दाखवते.

जुनी तार काढायला स्टेटर जाळला तर चालतो का?

आग जोराची झाली तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन उडतं आणि लोखंड आतून तापू लागतं. ३५० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. एका बाजूची डोकी छिन्नीने कापा, स्टेटर बेताने गरम करा, दुसऱ्या बाजूने ओढा. चक्कीवर ४ पोलची मोटार ३०० फेऱ्यांना १० हर्ट्झच देते, त्यामुळे लोखंडातलं नुकसान ५० हर्ट्झच्या मानाने कमी असतं. तरी चांगला स्टेटर बिघडवायचं कारण नाही.

शेवटी वीज मिळणार किती?

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वारा दुप्पट झाला की ताकद आठपट. कुठलीही चक्की त्यातला ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त भाग घेऊ शकत नाही, ही बेट्झची मर्यादा. घरी घडवलेल्या पात्यांनी ३० टक्के घेतले तरी चांगलं काम झालं. जनरेटर आणि वायरीचं नुकसान वजा करून २ मीटरची चक्की सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात जेमतेम १० वॅट, ६ मीटरला ८० ते ९० वॅट आणि १० मीटरला ४०० च्या आसपास देते.

त्यामुळे जागा सगळं ठरवते. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर कंपन्यांनी पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. झाडीत दडलेल्या वाडीत, घराच्या गच्चीवर तीच चक्की वर्षातले बरेच दिवस शोभेची राहील. १०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच झाडाच्या किंवा घराच्या वर किमान ९-१० मीटर पाती हवीत. घराच्या भिंतीला तर खांब बांधूच नका, रात्रभर घर घुमतं.

घरात सोलरचा चार्ज कंट्रोलर आहे. त्यालाच जोडू का?

जोडू नका. सोलरचा साधा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनल तोडून टाकतो, पॅनलला त्याचं काही होत नाही. चक्की मात्र मोकळी सुटते आणि बेफाम फिरते. वर सांगितलेल्या मोटारीची मूळची सिरीज जोडणी असेल तर ८०० फेऱ्यांना कागदावर २२० व्होल्ट एसी, म्हणजे जवळपास ३०० व्होल्ट डीसी तयार होतात. कंट्रोलर तर जातोच, माणूसही जाऊ शकतो. चक्कीला डम्प लोडवाला कंट्रोलर लागतो. बॅटरी भरल्यावर तो जास्तीची वीज पाण्याच्या हीटरसारख्या लोडमध्ये वळवतो आणि चक्कीवरचा भार कधीच सुटू देत नाही.

चक्की थांबवायची कशी?

तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करणारा जाड स्विच खाली बसवा. वारा मध्यम असताना तो टाकला की पाती जवळपास थांबतात. वादळ अंगावर आल्यावर मात्र तो टाकू नका, कारण तेव्हा वायंडिंग जळते आणि ब्रेकही सुटतो. हवामान खात्याचा इशारा आला की आधीच थांबवा. जोराच्या वाऱ्यात चक्की आपोआप बाजूला वळावी म्हणून शेपटी बिजागरीवर तिरपी बसवलेली असणं आवश्यकच आहे. ती नसेल तर चक्की वर चढवूच नका.

वायर किती जाड घ्यावी?

खांबावरून तीन वायरी एसीच आणा, रेक्टिफायर बॅटरीजवळ हीटसिंकवर बसवा. रेक्टिफायरपासून बॅटरी ३० मीटर लांब ठेवावी लागली, तर २४ व्होल्टला २०० वॅट नेताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत साडेतीन व्होल्टच्या वर जातात. तेच ४८ व्होल्टला दोनच्या आत. लांब अंतर असेल तर ४८ व्होल्टच निवडा, त्यात मोटार भरायचा खर्चही वाचू शकतो.

सोलर पॅनल एवढे स्वस्त झाले असताना हे कशाला?

वर्षभराची वीजच हवी असेल तर पैसे आधी पॅनलमध्ये घाला. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात तेव्हाच घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यावर वारा जोरात असतो. पॅनल थंडावतं तेव्हा चक्की चालते. एकाच बॅटरीवर दोन्ही असले तर पावसाळ्यातली अंधाराची रात्र निघते. आणि गावातल्या गावात, आपल्या वाइंडरकडून दुरुस्त होणारं यंत्र म्हणून या चक्कीचं मोल मला मोठं वाटतं.

छताच्या पंख्याची मोटार चालेल का?

जुन्या पंख्यात मॅग्नेट नसतात, आणि सगळा खटाटोप करून दिवा-मोबाइलपुरतीच वीज मिळते. नव्या बीएलडीसी पंख्यात मॅग्नेट आधीच असतात, त्यामुळे मुलांना प्रयोग दाखवायला तो छान. घर चालवायला नाही.

कोकणात खाऱ्या हवेत ही मोटार किती टिकेल?

निओडिमियमला गंज फार लवकर लागतो. निकेलचा मुलामा कुठे खरवडला असेल तर तिथून मॅग्नेट भुगा होऊन सुटतो, आणि फट अर्ध्या मिलिमीटरची असल्याने रोटर घासू लागतो. म्हणून राळेचा थर सलग हवा, कडांनासुद्धा. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घाला. ती सुरुवातीला थोडी जड फिरतात, पण मीठ आणि पाणी आत जात नाही. देशावर, कोरड्या हवेत, पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग चालतील आणि हलकीही फिरतील. मोटारीच्या खालच्या अंगाला पाणी निथळायचं भोक मोकळं ठेवा, टर्मिनल बॉक्सची वायर खालून आत घ्या, आणि दर वर्षी मे महिन्यात, वारा सुटायच्या आधी, खांब आडवा करून शाफ्ट हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग तेव्हाच बदला, जूनमध्ये खांब उतरवता येत नाही.